फीनिक्सचा एसीवाला

आज मी तुम्हाला नेतोय अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फीनिक्सला. पूर्वी इथले लोक उन्हाळ्यात ओल्या चादरी टांगून व्हरांड्यात झोपायचे. १९३० च्या दशकात कूलर आले, आपल्या नागपुरात दिसतात तसेच. पण जुलैच्या दमट हवेत कूलर हात टेकतो. मग एसी आले, आणि १९५० साली लाखभर वस्तीचं शहर २०२० पर्यंत सोळा लाखांवर गेलं.

२०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर चढला. त्या वर्षी तिथल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण बंद पडलेला!

म्हणून मला वाटतं, या शहरात लायसन्सवाला एसी कंत्राटदार वेळेवर येणं म्हणजे ॲम्ब्युलन्सच येणं.