सेलची तारीख कुणाची? कॅमेरा खरेदीचा थोडासा इतिहास

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न आपल्या घरचाच आहे, शिरूर अनंतपाळचा. मी पण तिथलाच, त्यामुळं उत्तर द्यायची जबाबदारी जरा जास्त. गावाकडचा एक पोरगा विचारतो, "दादा, लग्नाचं शूटिंग सुरू करायचंय. कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या सगळंच लागणार. दसऱ्याच्या सेलमध्ये घेऊ, दिवाळीपर्यंत थांबू, का नवीन वर्षात अजून स्वस्त होईल?"

आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, मोबाईल-कॅमेऱ्याच्या रिव्ह्यूचा नाही. पण या प्रश्नाला इतिहास हाय, आणि चांगला मोठा हाय. म्हणून मी त्याचे दोन प्रश्न करतो. सेलची तारीख ठरवतं कोण? आणि कॅमेरा खरोखर स्वस्त झाला तो कधी, कशामुळं?

सणाची तारीख हलवणारे दुकानदार

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण 'हॉलिडे सेल' हा प्रकार तिथून आला. तिथं थँक्सगिव्हिंग नावाचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचा, आणि तो झाला की नाताळची खरेदी सुरू. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. म्हणजे सण थेट ३० तारखेला. मोठ्या दुकानदारांना वाटलं, खरेदीचे दिवस कमी पडतील. त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडं मागणी लावून धरली आणि रूझवेल्टनी सण एक आठवडा अलीकडं, २३ तारखेला आणला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. एकाच देशात एकच सण दोन तारखांना! शेवटी १९४१ च्या डिसेंबरात कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात तो याच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार.

आपल्याकडं खरेदीची तारीख पंचांग सांगायचं. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा, हे साडेतीन मुहूर्त. मग इंटरनेटचे मुहूर्त आले. चीनमध्ये अलीबाबानं २००९ पासून ११ नोव्हेंबरचा सेल सुरू केला. भारतात गूगलनं १२ डिसेंबर २०१२ ला, म्हणजे १२-१२-१२ ला, बऱ्याच वेबसाइट एकत्र आणून ऑनलाइन खरेदीचा दिवस केला. आणि ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' झाला. वेबसाइट बसली, माल संपला, लोक चिडले, दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकांनी माफी मागितली. पण सवय लागली ती लागलीच.

आता गंमत बघा. २०२४ साली दोन्ही मोठ्या कंपन्यांचे सणाचे सेल २७ सप्टेंबरच्या आसपास सुरू झाले. घटस्थापना होती ३ ऑक्टोबरला. म्हणजे 'सणाचा' सेल चक्क पितृपक्षात! आपली आजी ज्या पंधरवड्यात साधं भांडं घरात आणू देत नाही, त्या पंधरवड्यात लोकांनी टीव्ही-फ्रिज मागवले. कंपनीला पंचांगाशी देणंघेणं नाही. तिला तिच्या गोदामाशी आणि तिमाहीच्या हिशोबाशी देणंघेणं आहे. यात तिचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ती तारीख तिच्या सोयीची आहे, तुमच्या सोयीची असेलच असं नाही.

आपली जुनी मंडळी कॅमेरा कधी घ्यायची?

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथं कॅमेरा म्हटलं की पहिलं नाव लाला दीनदयाळ यांचं. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. निजामानं त्यांना 'राजा मुसव्विर जंग' असा किताब दिला होता, 'मुसव्विर' म्हणजे चित्रकार. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई, तीन ठिकाणी स्टुडिओ. पण त्या काळात कॅमेरा दरबाराचा आणि साहेबांचा. आपल्या गावात पैसे चालायचे ते हाली सिक्क्याचे, ब्रिटिश हद्दीत कलदार, आणि मधे निजामाची जकात, म्हणजे 'करोडगिरी'. बाहेरची वस्तू घ्यायची तर मालाच्या किमतीवर हे ओझं वेगळंच.

मुंबईत एक मराठी माणूस होता, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणायचे. फोटोग्राफीचा धंदा होताच. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती बघून सावेदादांनी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला, किंमत २१ गिनी. १८९९ मध्ये त्यावर मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पुढं हाच कॅमेरा करंदीकर, पाटणकर, दिवेकर या मंडळींकडं गेला आणि त्यांनी त्यावर आपलं काम केलं. म्हणजे सेकंडहँड कॅमेऱ्यावर धंदा उभा करणं ही आपली जुनी रीत आहे, त्यात लाजायचं काही नाही.

आणि मग दादासाहेब फाळके. फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. पैसे कुठून आले? विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपयांचं कर्ज. लंडनमध्ये विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, ५० पौंडांना. पण नुसता कॅमेरा नाही. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र, हेही मागवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर बॉडी, कार्ड आणि बाकीचं सामान एकाच ऑर्डरमध्ये.

माल आल्यावर त्यांनी काय केलं, ते नीट ऐका. लगेच मोठा सिनेमा नाही काढला. आधी एका रोपाची वाढ टिपली. बी रुजतं, कोंब येतो, वेल वाढतो. 'अंकुराची वाढ'. ती दाखवून पैसा लावणारे मिळवले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, शिवाय स्वतः बसून फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. फाळक्यांनी मुहूर्त सवलतीचा नाही बघितला, कामाचा बघितला. आधी काम काय करायचं ते ठरलं, मग कॅमेरा आला.

स्वस्त कॅमेरा, महाग सामान

आता त्या 'बाकीच्या सामाना'कडं वळू, कारण बरेच जण तिथंच गळतात. १९०० साली कोडॅकनं 'ब्राउनी' नावाचा कॅमेरा काढला. किंमत एक डॉलर. पोरंसोरं घेऊ शकतील असा. मग कंपनी कमवायची कशावर? फिल्मवर. कॅमेरा एकदाच विकायचा, फिल्म जन्मभर.

हे गणित सव्वाशे वर्षं झाली तरी तसंच आहे, फिल्मच्या जागी बॅटरी, कार्ड, लेन्स आणि फ्लॅश आले एवढंच. सेलच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात बॉडीची किंमत असते. पण लग्नात एका बॅटरीवर दिवस निघत नाही, आणि वऱ्हाड काही तुमचं चार्जिंग होईपर्यंत अक्षता हातात धरून थांबत नाही.

कार्डाचंही तेच. कार्डावर 'व्ही३०' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. बऱ्याच कॅमेऱ्यांचं फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट असतं, म्हणजे साधारण साडेबारा मेगाबाइट. त्याला व्ही३० पुरतं. उगीच दुप्पट-तिप्पट पैसे देऊन वरचं कार्ड घ्यायची गरज नाही. उलट फार स्वस्त कार्ड दिसलं तर सावध व्हा, नकली कार्डं सेलच्या गर्दीतच खपतात. कार्ड आल्या आल्या पूर्ण भरेपर्यंत व्हिडिओ घ्या आणि शेवटपर्यंत चालवून बघा. नकली असेल तर तिथंच कळेल, कुणाच्या मंगलाष्टका बुडायच्या आधी.

भाव खरोखर कधी पडला?

स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेरा आणणं म्हणजे परवाना, जकात आणि दुबईहून येणाऱ्या पाहुण्याची वाट. त्या काळात आपल्या लोकांच्या हातात कॅमेरा दिला तो 'अग्फा क्लिक थ्री'नं. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तो तयार व्हायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, बस्स. सरकारनं ऊटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला, त्यांची 'इंदू' फिल्म आठवणारे अजून भेटतील. तेव्हा फोटो कॅमेरेवाल्यांच्या हाती पोचला तो देशात माल बनला म्हणून. १९९१ नंतर आयात मोकळी झाली, मग डिजिटल आलं आणि फिल्मचा खर्चच संपला. भावाच्या या मोठ्या उड्या धोरणामुळं आणि तंत्रामुळं झाल्या. एकही उडी सेलमुळं झालेली नाही.

अगदी अलीकडचं उदाहरण देतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के कर होता. २२ डिसेंबर २०१८ च्या बैठकीत तो १८ टक्के करायचं ठरलं, १ जानेवारी २०१९ पासून लागू. २०१८ चं लक्ष्मीपूजन होतं ७ नोव्हेंबरला. समजा कॅमेऱ्याची कराआधीची किंमत ५० हजार. दिवाळीत ६४ हजार, जानेवारीत ५९ हजार. दोन महिन्यांच्या आत पाच हजारांचा फरक, कुठलाही सेल नसताना.

मग २०२५ ला २२ सप्टेंबरला, नेमकं घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर आले. मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ वर आले आणि सगळीकडं 'स्वस्त झालं, स्वस्त झालं'. पण कॅमेरा आधीपासून १८ वरच होता. त्याला काही फरक पडला नाही. बातमी कुणाची आणि वस्तू कुठली, हे बघावं लागतं.

शिरूर अनंतपाळचं कॅलेंडर

आता आपल्या गावात येऊ. आपल्याकडं पैसा येतो सोयाबीनचा. काढणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरभर चालते. सेल नेमका तेव्हाच. पोरगा घरी म्हणतो, "बाबा, ऑफर रविवारपर्यंतच आहे." आणि ओलं सोयाबीन घाईनं लातूरच्या आडतीवर जातं.

इथं हिशोब करा. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. ओला माल व्यापारी कमी भावात घेतो. समजा क्विंटलमागं ४०० रुपये कमी मिळाले आणि १५ क्विंटल विकलं, तर गेले सहा हजार. सेलमध्ये कॅमेऱ्यावर वाचले चार हजार. म्हणजे सूट तुम्हाला मिळालीच नाही, ती तुमच्या बापानं भरली. हे गणित कुठल्याही ॲपवर दिसत नाही.

दुसरा रस्ता 'नो कॉस्ट ईएमआय'. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, बँकांना स्पष्ट कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते दुसरीकडं लपवलेलं असतं. आज पद्धत अशी आहे, की व्याजाएवढी सूट आधी किमतीत देतात आणि बँक ते व्याज हप्त्यात घेते. ६० हजारांच्या कॅमेऱ्याला सहा महिन्यांत, वर्षाला १५ टक्के धरले तर व्याज साधारण अडीच हजार. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचारशेच्या आसपास, तो तुमच्या खिशातून. शिवाय प्रोसेसिंग फी. फार नाही, पण 'नो कॉस्ट' नाही. ईएमआयला जी सूट मिळते ती रोख घेताना मिळते का, हे नक्की विचारा.

तिसरी गोष्ट काम. चातुर्मासात लग्नं नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात, आणि आपल्याकडची खरी लग्नसराई उन्हाळ्यात, एप्रिल-मे. म्हणजे दसऱ्याला घेतलेला कॅमेरा बराच काळ नुसते हप्ते खाणार.

मग करायचं काय?

माझं म्हणणं सरळ आहे. यंदाचे पहिले दोन-तीन मुहूर्त भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा. लातूर-उदगीरच्या स्टुडिओवाल्यांकडं विचारा, हाताखाली जायला मिळालं तर अजून चांगलं. ही तुमची 'अंकुराची वाढ' समजा. त्यातून कळेल तुम्हाला कुठली लेन्स लागते. सोयाबीन वाळू द्या, भाव बघून विकू द्या. हातात पैसा आणि दोन ऑर्डरची आगाऊ रक्कम आली की घ्या, मग तो सेलचा दिवस असो वा साधा मंगळवार.

बजेट मांडताना सगळा पैसा बॉडीवर घालू नका. तिसरा हिस्सा लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, दोन कार्डं आणि बॅगेसाठी बाजूला काढा. ज्या मॉडेलचा पुढचा अवतार आलाय, ते जुनं मॉडेल बघा, त्याचा भाव आपोआप खाली येतो. अमेरिकेतला मामेभाऊ ब्लॅक फ्रायडेला आणणार असेल तर वॉरंटी भारतात चालते का, ते आधी विचारा, बऱ्याचदा नाही चालत. आणि सेलमध्येच घ्यायचं असेल तर महिनाभर आधी रोजची किंमत वहीत लिहून ठेवा. मग 'चाळीस टक्के सूट' कशावर धरलीय, ते तुमचं तुम्हाला दिसेल.

सेल पुढच्या वर्षी पण येणार, त्याच्या पुढच्या वर्षी पण. सोयाबीनचं पीक मात्र वर्षाला एकदाच येतं.

पुढच्या भागात हाली सिक्क्याची गोष्ट. तुमच्या घरात एखादं जुनं नाणं असेल तर फोटो काढून ठेवा. मोबाईलनं काढला तरी चालतंय. भेटू!