कॅलिफोर्नियांतील सनदी जमीनदारांचा १८५९ सालचा अर्ज

सान फ्रान्सिस्को येथें ता. २१ फेब्रुवारी १८५९ रोजीं लिहिलेला एक अर्ज कॅलिफोर्नियांतील हंटिंग्टन ग्रंथालयाच्या हस्तलिखितसंग्रहांत आहे. तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसला, म्हणजे सेनेट व प्रतिनिधिसभा या दोन्ही सभागृहांना, उद्देशून केलेला असून त्यावर आन्तोनियो मारिया पिको याचें नांव अग्रभागीं व त्यामागें सुमारें पन्नास जणांचीं नांवें आहेत. आज जो समाज लॅटिनो या नांवानें ओळखला जातो, त्यानें आपल्या हक्कांसाठीं विधिमंडळांकडे जी दाद मागितली, तिच्या आरंभींच्या कागदांपैकीं हा एक होय. अर्जदार स्वतःस कॅलिफोर्निओ म्हणवीत. त्यांची तक्रार अशी कीं, तहानें जें दिलें तें कायद्याच्या रीतीनें काढून घेतलें जात आहे. ही तक्रार कितपत खरी होती, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम तह पाहूं. मेक्सिको व संयुक्त संस्थानें यांच्यांतील युद्ध ता. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहानें संपलें. कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिको हे प्रांत अमेरिकेकडे गेले. तेथें राहिलेल्या मेक्सिकन लोकांची मालमत्ता अबाधित राहील, व एक वर्षाच्या आंत त्यांनीं मेक्सिकोचें नागरिकत्व राखण्याची इच्छा न दर्शविल्यास ते अमेरिकन नागरिक होतील, असें ८ व्या कलमांत होतें. पूर्वीच्या सरकारनें दिलेल्या जमिनीच्या सनदा मानल्या जातील असें स्पष्ट सांगणारें १० वें कलम मात्र अमेरिकन सेनेटनें तहास मंजुरी देतांना गाळून टाकलें. मेक्सिकोस अर्थातच शंका आली. तेव्हां ता. २६ मे १८४८ रोजीं केरेतारो येथें अमेरिकेच्या दोघां वकिलांनीं लेखी खुलासा दिला कीं, कलम गाळल्यानें सनदा रद्द होत नाहींत. मेक्सिकन कायद्याप्रमाणें जी सनद खरी ती खरीच, व तिच्या धन्यानें ती अमेरिकन न्यायालयांत मान्य करून घ्यावी. पुढें अमेरिकन सरकारनें हा खुलासा आपणांवर बंधनकारक नाहीं अशी भूमिका घेतली. गाळलेलें कलम व नाकारलेला खुलासा, या दोन गोष्टी लक्षांत ठेवल्या म्हणजे पुढील सर्व प्रकरणाचा उलगडा होतो.

इ. स. १८४९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत माँटेरे येथें राज्यघटना करण्यासाठीं सभा भरली. ४८ प्रतिनिधींपैकीं कॅलिफोर्निओ आठ. पिको त्यांत होता. पाब्लो दे ला गेर्रा व मानुएल दोमिंगेझ हेहि होते. चर्चा इंग्रजींत चाले व दुभाष्या ती स्पॅनिशमध्यें समजावून देई. मताधिकार ‘गोऱ्या’ पुरुष नागरिकांस द्यावा असा मसुदा आला, तेव्हां दे ला गेर्रा यानें ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ विचारला. कॅलिफोर्नियांत निसर्गतःच सांवळ्या वर्णाचे पुष्कळ नागरिक असून त्यांतील कित्येक पूर्वी मत देत आले व मोठ्या अधिकारावरहि चढले, हें त्यानें दाखवून दिलें. शब्द गेला नाहीं. उलट पक्षीं, सर्व कायदे इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत प्रसिद्ध व्हावे असें कलम मात्र घटनेंत आलें, हें या आठ जणांचें यश मानावें लागतें. शब्दाचा परिणाम लौकरच दिसला. घटनेवर सही करणारा दोमिंगेझ १८५७ सालीं सान फ्रान्सिस्को येथील न्यायालयांत साक्षीस उभा राहिला, तेव्हां त्याच्या अंगांत इंडियन रक्त आहे या सबबीवर त्याची साक्ष घेण्यांत आली नाहीं.

आतां मुख्य कायद्याकडे वळूं. ता. ३ मार्च १८५१ रोजीं काँग्रेसनें सेनेटर विल्यम ग्विन याचा भूमिकायदा मंजूर केला. त्यानें तिघां पंचांचें एक कमिशन नेमलें. स्पॅनिश वा मेक्सिकन सरकारकडून मिळालेली जमीन धारण करणाऱ्या प्रत्येकानें दोन वर्षांत आपला हक्क कमिशनपुढें शाबीत करण्यास यावें. न येईल त्याची जमीन सरकारी खालशांत जमा. म्हणजे हरकत घेणाऱ्यानें दोष दाखवावा हें राहिलें नाहीं. शाबितीचें सारें ओझें कबजेदारावर आलें. आमच्या स्मृतिकारांनीं लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. कॅलिफोर्निओचें बळ भुक्तींत होतें. त्याला मागितलें मुख्यतः लिखित. (आमच्याकडील इनाम कमिशनचा कायदा याच्याच पुढील वर्षीं, १८५२ सालीं झाला, हें वाचकांच्या लक्षांत येईलच. दोहोंचा परस्परसंबंध कांहीं नाहीं. परंतु काळ एक व रीतहि बरीचशी एक.)

हें लिखित कसें असे, हें आपल्या संशोधकांस जाणण्यासारखें आहे. मेक्सिकन अमलांत जमीन मागणारा गव्हर्नराकडे अर्ज करी. त्याला ‘दिसेन्यो’ म्हणजे हातानें काढलेला नकाशा जोडावा लागे. त्यांत डोंगर, ओढे, झाडें व शेजाऱ्यांच्या हद्दी रंगवीत. मग स्थानिक अधिकाऱ्याचा अभिप्राय, गव्हर्नराचा हुकूम व प्रांतिक सभेची संमति येई. या सर्व कागदांच्या पुडक्यास ‘एक्स्पेदिएन्ते’ म्हणत. तें सरकारी दप्तरांत राही व सनद धन्याच्या हातीं जाई. मोजणी घोड्यावर बसून दोरीनें होई. जमीन अफाट व माणसें थोडीं, तेथें एवढ्यानें भागत असे. तीच हद्द अमेरिकन मोजणीदाराच्या सांखळीपुढें आली तेव्हां ती संदिग्ध ठरली.

कमिशनचा पक्षहि सांगितला पाहिजे. बनावट कागद होते, यांत संशय नाहीं. होसे लिमान्तूर या व्यापाऱ्यानें सान फ्रान्सिस्को शहराच्या मोठ्या भागावर १८४३ च्या सनदांच्या आधारें हक्क सांगितला. १८५८ सालीं न्यायाधीश ऑग्डन हॉफमन यानें त्या सनदा खोट्या ठरविल्या; शिक्क्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं अस्सल शिक्क्यांशीं ताडून पाहण्यांत आलीं. मुद्रापरीक्षेच्या इतिहासांत हें प्रकरण नोंदण्याजोगें आहे. परंतु लिमान्तूरचे हे हक्क कमिशननें स्वतः मान्य केले होते. चोर सुटला व खरे धनी खोळंबले, असें म्हटल्यास त्यांत अतिशयोक्ति नाहीं. कमिशनपुढें एकंदर ८१३ दावे आले, त्यांतील ६०४ अखेरीस मंजूर झाले. म्हणजे बहुतेक कागद खरे होते. पण सरकार एका न्यायालयांतून दुसऱ्यांत अपील करी, आणि अखेरची अमेरिकन सनद हातीं पडेपर्यंत सरासरीनें १७ वर्षें लागत. तोंवर वकिलाचें शुल्क, भाषांतराचा खर्च, साक्षीदारांचा प्रवास. आणि कर चालूच.

या अवधींत सोन्याच्या लोभानें आलेले लोक जमिनींवर ठाण मांडून बसले. राज्याचें विधिमंडळ त्यांना अनुकूल होतें. १८५५ च्या भटक्यांवरील कायद्यांत तर स्पॅनिश व इंडियन अशा मिश्र रक्ताच्या लोकांचा उल्लेख एका रस्त्यावरील शिवीनें केलेला होता. ती शिवी पुढील वर्षीं काढली. त्याच १८५६ सालीं, पक्की शाबिती होईपर्यंत जमीन सरकारीच समजावी व बसलेल्या लोकांस त्यांनीं केलेल्या सुधारणांची भरपाई मिळावी, असा कायदा आला. दे ला गेर्रा आतां राज्याच्या सेनेटमध्यें होता. त्यानें विरोधाचें भाषण केलें: जिंकले गेलेले आम्ही, या नवीन कायद्याची भाषा आम्हांस येत नाहीं, आणि जन्मभूमींतच आम्ही परके झालों आहों, असा त्याचा आशय होता. लॉस एंजेलिस येथील ‘एल क्लामोर पुब्लिको’ या स्पॅनिश पत्रानें तें छापलें. पत्राचा संपादक फ्रान्सिस्को रामिरेझ यानें १८५५ सालीं पत्र काढलें तेव्हां तो अवघा १८ वर्षांचा होता. कायदा मंजूर झालाच; परंतु १८५७ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला.

या सर्वांनंतरचा म्हणून पिकोच्या अर्जाचें महत्त्व. त्याची भाषा विनवणीची असली तरी युक्तिवाद दृढ आहे. आम्ही तहाच्या भरंवशावर नागरिकत्व पत्करलें. कमिशनपुढें कागद निमूटपणें ठेवले. आमचे हक्क संशयित ठरतांच आलेल्या लोकांनीं जमीन बेवारशी समजून व्यापली, झाडें तोडलीं. खटल्यांसाठीं आम्हांस जमिनी गहाण टाकाव्या लागल्या, व व्याज आकारलें गेलें तें दरसालचें नसून दरमहाचें. एके काळचे बडे जमीनदार आज वीतभर जमिनीवांचून दुसऱ्यांच्या दयेवर जगत आहेत. संख्येचा एकहि तक्ता अर्जांत नाहीं. पण वर दिलेले आंकडे अर्जदारांच्या बाजूनेंच साक्ष देतात. म्हणून त्यांची तक्रार खरी होती असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. काँग्रेसनें १८५१ चा कायदा मात्र बदलला नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत देतों. दे ला गेर्रा न्यायाधीश निवडून आला, तेव्हां तो अमेरिकन नागरिकच नाहीं असा आक्षेप निघाला. १८७० सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. १८७९ च्या नव्या राज्यघटनेनें सरकारी कामकाज केवळ इंग्रजींत ठेवून माँटेरेचें द्विभाषी कलम पुसलें. आणि १८८९ सालीं बोटिलर विरुद्ध दोमिंगेझ या दाव्यांत संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कमिशनपुढें न आणलेली सनद कितीहि निर्दोष असली तरी निरुपयोगी. तहभंग झाला असेल तर तो दोन राष्ट्रांमधील प्रश्न, न्यायालयाचा नव्हे. म्हणजे दाद मागावयाची तर ती काँग्रेसकडेच, ज्या दारीं पिको तीस वर्षांपूर्वी जाऊन आला होता.

भाषेचा हक्क त्याच दारीं, पण फार उशिरां मिळाला. १९७५ सालीं मताधिकार-कायद्याच्या दुरुस्तीनें, ज्या भागांत एका भाषिक अल्पसंख्य गटाचें प्रमाण ठराविक मर्यादेहून अधिक आहे, तेथें मतपत्रिका त्यांच्या भाषेंतहि देणें बंधनकारक झालें. न्यू मेक्सिकोंतील सामाईक जमिनींचा प्रश्न तर २००४ सालीं काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयानें पुनः तपासला व काय करतां येईल याचे पांच पर्याय मांडले; त्यांतील एक, कांहींच न करणें, हा होता.

कागदांविषयीं एक नोंद. सान फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत जुन्या स्पॅनिश दप्तराचा बराच भाग जळाला. परंतु दाव्यांत दाखल झालेले कागद व रंगीत दिसेन्यो न्यायालयाच्या दप्तरामार्फत वांचले, व त्यांचा मोठा संग्रह आज बर्कली येथील बँक्रॉफ्ट ग्रंथालयांत पाहावयास मिळतो.