नोटेवर चेहरा कोणाचा, हे ठरवतं कोण?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा फोटो असलेली नोट येणार, ही खबर २०२२ च्या जूनमध्ये पसरली. आनंद आम्हालाही झाला असता. पण ६ जूनला रिझर्व्ह बँकेनेच असा प्रस्ताव नसल्याचं स्पष्ट केलं.

रिझर्व्ह बँक कायदा १९३४, कलम २५ प्रमाणे नोटेच्या डिझाइनची शिफारस बँकेचं केंद्रीय मंडळ करतं आणि मंजुरी केंद्र सरकार देतं. संसदेत मतदान वगैरे काही नाही.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश राजाच्या जागी गांधीजी असावेत असंच आधी वाटत होतं, डिझाइनही तयार झालं होतं. पण एकमत झालं ते सारनाथच्या सिंहमुद्रेवर. गांधीजी आले थेट १९६९ साली, जन्मशताब्दीला. त्या चित्रात त्यांच्या पाठीमागे आपल्या वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम होता. मग १९८७ ला पाचशेची नोट आणि १९९६ पासून महात्मा गांधी मालिका.

आम्हाला एकच चेहरा ठेवणं शहाणपणाचं वाटतं. दुसरा नेता म्हटलं की कोणत्या प्रांताचा, कोणत्या जमातीचा, हा वाद आलाच. आणि आपलंही काही नोटेवर आहेच. मागच्या बाजूला किंमत १५ भाषांच्या पट्टीत लिहिलेली असते. त्यात मराठी आहे, सगळ्यात खाली उर्दू. मुलांना शोधायला सांगा.