पळस्प्यावरचा दरोडा आणि कादंबरीची सवय

पनवेल सोडून पुण्याच्या जुन्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पळस्पे फाटा येतो. सरळ गेलं की घाट, उजवीकडे वळलं की गोवा. गणपतीच्या आधी इथे गाड्यांची रांग लागते आणि एसटीतला माणूस घड्याळ बघणं सोडून देतो. अशा वेळी हातात एखादी ऐतिहासिक रहस्यकादंबरी असावी. रांग सरकली की पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसतोच, त्यामुळे गडावरचं भुयार डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडत नाहीत.

मराठीत हा वाचनाचा नाद जुना आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ १८९५पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती, तेव्हा वाचक पुढच्या अंकाची वाट बघत. आज डॉ. प्रकाश कोयाडे यांची ‘प्रतिपश्चंद्र’ हातोहात फिरते. काळ बदलला तरी वाचताना आपण एकच काम करतो: धागे जोडतो. पहिल्या प्रकरणात दिसलेली अंगठी शेवटच्या प्रकरणात उपयोगी पडणार, हे आपल्याला ठाऊक असतं. उगाच आलेलं असं त्या जगात काही नसतं.

आता याच फाट्यावरची एक खरी गोष्ट बघू.

फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथला, ४ नोव्हेंबर १८४५चा. पुढे ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला लागले. १८७६-७७च्या दुष्काळात त्यांनी माणसं अन्नाविना मरताना पाहिली आणि इंग्रजी राज्य उलथायचं मनात घेतलं. रामोशी, कोळी, धनगर अशा समाजांतली माणसं त्यांनी जमवली. फेब्रुवारी १८७९मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. बंडाला पैसा हवा होता आणि तो सावकारांच्या, धनिकांच्या घरांत होता.

मग १० आणि ११ मे १८७९. फडक्यांच्या माणसांची एक टोळी घाट उतरून कोकणात आली आणि पळस्पे व चिखली इथे दरोडे पडले. सुमारे दीड लाखाचा ऐवज लुटला गेला, असं सांगितलं जातं. टोळीचे म्होरके होते दौलतराव नाईक. लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं. चकमकीत दौलतराव गोळी लागून पडले. फडक्यांचा उजवा हात गेला.

या दरोड्यांनंतर दोनच दिवसांनी, १३ मेच्या रात्री, पुण्यात पेशव्यांचा बुधवार वाडा पेटला. विश्रामबाग वाड्यालाही आग लागली.

जरा थांबा आणि स्वतःला विचारा, आत्ता मनात काय आलं? पळस्प्याचा दरोडा, लगेच पुण्याची आग. नक्कीच एकाच कटाचे दोन भाग. कादंबरीकाराने तर हे दोन प्रसंग एकाच प्रकरणात बसवले असते.

सरकारी अंमलदारांनाही तसंच वाटलं. बंडाचा धागा आगीशी जोडला गेला, आणि बंडामागे पुण्यातले शिकलेले लोक असणार, हा संशय बळावला. तो महादेव गोविंद रानड्यांपर्यंत पोचला. रानडे तेव्हा सरकारी न्यायाधीश होते. सुट्टीत पुण्याला आलेल्या रानड्यांची धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांच्या पत्रव्यवहारावर नजर ठेवली गेली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे.

आणि आग कुणी लावली होती? वाड्यात सरकारी पुस्तकांचं भांडार होतं. तिथल्याच एका नोकराने हिशेबातली अफरातफर झाकण्यासाठी ती लावली होती. कट नव्हता, भुयार नव्हतं, गुप्त संदेशही नव्हता. चोपडीतल्या आकड्यांना घाबरलेला एक माणूस होता.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण इथे धागे जोडण्याची सवय कागदावर राहिली नाही. वाचकाचा अंदाज चुकला तर तो पान उलटतो आणि हसतो. सत्तेचा अंदाज चुकला तर कुणाची तरी बदली होते आणि कुणाच्या तरी घरात येणारं पत्र आधी फोडलं जातं. दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणजे त्या एकमेकींतून घडल्या, असं होत नाही. इतिहास वाचताना धागा जोडण्याइतकंच धागा सोडवणंही शिकावं लागतं. आज मोबाइलवर रोज एखादं ‘दडवलेलं सत्य’ येऊन धडकतं, तेव्हा तर हे फारच लागतं.

कादंबरीची दुसरीही एक सवय असते. ती नायकाच्या मागे जाते. फडक्यांचं आयुष्य तिला साजेसंच होतं. सरकारने त्यांना पकडून देण्यासाठी बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या नावावर बक्षीस लावलं. २० जुलै १८७९ला ते पकडले गेले. खटल्यात त्यांचीच रोजनिशी आणि आत्मवृत्त त्यांच्याविरुद्ध पुरावा झालं. जन्मठेपेवर त्यांना एडनला नेलं. तिथल्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांसकट उचलून ते निसटले, पुन्हा सापडले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ला तिथेच वारले.

पण पळस्प्याच्या त्या रात्रीचे म्होरके दौलतराव होते. जीव त्यांनी दिला. शिरढोणला फडक्यांचं स्मारक आहे आणि ते असायलाच हवं. दौलतरावांचं नाव मात्र फाट्यावर तासभर अडकलेल्या दहा माणसांना विचारलं तर एकालाही सांगता येईल का, शंका आहे. आणि ज्यांची घरं फुटली, तीही याच मातीतली माणसं होती. फडक्यांचं ध्येय कितीही मोठं असलं, तरी त्या रात्री दार फुटताना आतल्या पोराबाळांना स्वातंत्र्य ऐकू आलं नसणार, आरडाओरडा ऐकू आला असणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कादंबरीत त्यातली एक निवडावी लागते. इतिहासात दोन्ही सांभाळाव्या लागतात.

म्हणून रहस्यकादंबऱ्या वाचू नयेत, असं मुळीच नाही. मी वाचतो, रात्र रात्र जागून वाचतो. गडावर का जावं, मोडी का शिकावी, हे अनेकांना अशाच पुस्तकांनी सुचवलं आहे. फक्त पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न सोबत ठेवावा: खजिना कुठे आहे हे विचारून झालं, आता तो कुणाच्या घरातून आला होता?

पुढच्या गणपतीत रांग लागेल तेव्हा हा प्रश्न विचारायला भरपूर वेळ मिळेल. गाडी पळस्प्यालाच उभी असेल.