शब्दवेध : कोटा
‘कोटा’ मूळचा लॅटिन. ‘क्वोटा पार्स’ म्हणजे ‘कितवा हिस्सा’. इंग्रजीने त्यातला ‘क्वोटा’ उचलला आणि मराठीत त्याचा ‘कोटा’ झाला. लॅटिन ‘क्वोत’ आणि संस्कृत ‘कति’ एकाच कुळातले, म्हणून हा शब्द वाटतो तितका परका नाही. महाराष्ट्राच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंचा हिस्सा ५ टक्के आहे. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावरची हॉकी असो की चाकणकडची कुस्ती-कबड्डी, दहावीनंतर घरोघरी विचारणा होते ती ‘स्पोर्ट्‌स कोट्या’ची. अमेरिकेत विद्यापीठाचा प्रशिक्षक खेळाडू हेरतो, बोलणी करतो. १९६४ ते २०२४ या काळात तिथे त्यासाठी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हा करारच होता. इथल्या अकरावीच्या केंद्रीय प्रवेशफेरीत प्रशिक्षकाच्या शब्दावर जागा राखली जात नाही. कागद बोलतो: स्पर्धा कोणती, जिल्हास्तर की राज्यस्तर, क्रमांक कितवा. ‘तुझं काम झालं समज’ या तोंडी आश्वासनावर विसंबून अर्जात इतर महाविद्यालये न भरणे फार महागात पडते. नोकरीसाठी तेच प्रमाणपत्र आधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते.