गाण्याचं नाव कुठे राहतं?

लॅपटॉप बदलला आणि बाबांच्या कॅसेटवरून चढवलेली नाट्यगीतं एका रात्रीत पुन्हा 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02' झाली. गाणी शाबूत होती. नावं मीच भरली होती, सहा महिने रविवारी बसून. पण सॉफ्टवेअरने ती फाइलमध्ये न लिहिता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवली होती. इंजिनिअर असून हे आधी तपासलं नाही, याची लाज वाटते.

हा घोळ जुनाच. सुरुवातीच्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसायचीच. गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखायची युक्ती टी कान यांच्या एक्सएमसीडी या प्लेअरबरोबर आली, तिचाच सीडीडीबी झाला. जगभरच्या लोकांनी कव्हरं समोर ठेवून त्यात नावं फुकट टाइप केली. 1998 साली सीडीडीबी विकला गेला, पुढे त्याची ग्रेसनोट कंपनी झाली आणि 2001 साली परवाना नसलेल्या प्लेअरना दार बंद. टाइप करणाऱ्यांना कुणी विचारलं? त्याच काळात फ्रीडीबी आणि रॉबर्ट के यांचा म्युझिकब्रेन्झ उभे राहिले. फ्रीडीबी 2020 साली बंद पडला. म्युझिकब्रेन्झची मूळ माहिती मात्र आजही कुणीही उतरवून घेऊ शकतं.

फाइलमध्येच नाव लिहायची सोय 1996 साली एरिक केम्प यांनी काढली, ती आयडी3. एमपी3च्या शेपटीला 128 बाइट, त्यात गाणं, गायक आणि अल्बम यांना प्रत्येकी 30. देवनागरी हिशेबातच नव्हती. यूटीएफ-8मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह, अगदी कानाही, 3 बाइट खातं. म्हणजे 'कट्यार काळजात घुसली' हे 'कट्यार काळ'पाशीच तुटणार! शिवाय वसंतराव देशपांड्यांना गायकाचा कप्पा आहे, पण चाल देणाऱ्या अभिषेकीबुवांना आणि पदं लिहिणाऱ्या दारव्हेकरांना जागाच नाही. आमच्या घरी तर पहिला प्रश्न 'चाल कुणाची?' हाच. संगीतकार-गीतकारांचे कप्पे 1998च्या दुसऱ्या आवृत्तीत आले, युनिकोडही तेव्हाच.

आता कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मी एकच करतो. एका गाण्याचं नाव बदलायचं, फाइल फोनवर टाकायची आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडायची. नवं नाव दिसलं तरच पुढे. सध्या म्युझिकब्रेन्झचाच पिकार्ड वापरतोय.

बहुतेक नावं पुन्हा भरून झाली. एका खासगी मैफलीच्या कॅसेटवर तबल्याला कोण होतं, ते बाबांनी सांगितलं होतं आणि मी टिपणाच्या कप्प्यात लिहिलं होतं. परवा परत विचारलं. बाबांनी दोनदा ऐकलं, डोळे मिटून. आठवलं नाही.