जंत : शब्द आणि व्याधी
संस्कृतातील ‘जन्तु’ म्हणजे कोणताही प्राणी. मराठीत ‘जंत’ होऊन तो पोटातील कृमींपुरता संकोचला. कुत्र्याच्या विष्ठेतील शेवयांसारखे गोल जंत आणि तांदळासारखे दिसणारे पट्टकृमीचे तुकडे लोकांनी याच नावाने ओळखले. मात्र सर्वांत घातक पट्टकृमी काही मिलिमीटरांचाच असतो; तो बाळगणारे कुत्रे निरोगी दिसते. १८५३ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ झीबोल्ट यांनी मेंढ्यांच्या अवयवांतील पाण्याने भरलेल्या गाठी कुत्र्यांस चारून त्यांपासून हे कृमी निपजतात, असे दाखविले. त्यांच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतातही तशाच गाठी होतात. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात पारनेर भागातील मेंढपाळांची कुत्री कळपाबरोबरच राहतात. तेथे जंत दिसण्याची वाट पाहणे व्यर्थ होय. मेंढीचे कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे न टाकणे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित प्राझिक्वांटेल देणे, हाच उपाय.